११.०५९२

इलेक्ट्रॉनिक्स घेऊन इंजिनिअर झालेल्या कुठल्याही मराठी मुलाला रात्री दोन वाजता गदागदा हलवून उठवा आणि विचारा, "८०५१ ला क्रिस्टल कितीचा?" डोळे न उघडता उत्तर येईल, "अकरा पॉइंट शून्य पाच नऊ दोन मेगाहर्ट्झ." "९६०० बॉड रेटसाठी टीएच१ मध्ये काय भरायचं?" "एफडी." "आणि एससीओएनमध्ये?" "पन्नास एच." एवढं बोलून पोरगं कूस बदलून परत घोरायला लागेल. रामरक्षा पाठ नसेल, पण हे पाठ असतं. व्हायवाला एक्स्टर्नल हेच विचारतो, पेपरातही हेच येतं.

ज्यांनी इंजिनिअरिंग केलं नाही त्यांच्यासाठी: ८०५१ हा इंटेलने १९८० साली बाजारात आणलेला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवर मावलेला छोटासा संगणक. मूळ चिप कधीच म्हातारी झाली, पण तिची नातवंडं-पतवंडं अजून बाजारात आहेत आणि आपल्याकडच्या कित्येक कॉलेजांत आजही मायक्रोकंट्रोलरची ओळख हिच्यापासूनच होते. त्यावर "इतकं जुनं कशाला शिकवता?" अशी ओरड दरवर्षी होते. मला ती पटत नाही. चिप जुनी आहे म्हणून काही बिघडत नाही. उलट ती इतकी साधी आहे की तिच्या पोटात काय चाललंय ते एका दुपारी समजू शकतं. माझी तक्रार वेगळी आहे. ती दुपार कुणी विद्यार्थ्यांना देत नाही.

आमच्या गटात नवीन माणूस घ्यायचा असला की मुलाखतीला मी बसतो. इथे अमेरिकेत एमएस करून आलेली आपली मुलं-मुली बरीच येतात. रेझ्युमेवर एम्बेडेड सी, आरटीओएस, आयओटी, मशीन लर्निंग, सगळी पक्वान्नं वाढलेली असतात. मी मीठ-लिंबापासून सुरुवात करतो. "दोन चिप एकमेकींशी सीरियलवर बोलताहेत. क्लॉकची वायर नाही. मग समोरचीला कसं कळतं की कुठलं बिट कधी वाचायचं?" "सर, दोघींचा बॉड रेट सेम ठेवायचा." बरोबर. "पण दोघींची घड्याळं वेगळी आहेत. किती फरक चालेल?" इथे शांतता पसरते. ११.०५९२ का, असं विचारलं तर "टू गेट एक्झॅक्ट बॉड रेट" हे वाक्यही पाठ असतं. १२ मेगाहर्ट्झचा लावला तर नक्की काय होईल? परत शांतता. मुलं हुशार असतात हो, त्याबद्दल शंकाच नाही. त्यांना हा प्रश्न कधी कुणी विचारलेलाच नसतो.

तर आधी तो प्रश्नच सोडवू. इंजिनिअर नसलेल्यांनीही थांबायला हरकत नाही, गणित पाचवीचं आहे.

एक वायर घ्या. कुणी काही बोलत नसताना तिच्यावर व्होल्टेज असतं, म्हणजे १. बोलायचं ठरलं की पाठवणारी चिप वायर एका बिटापुरती ० वर ओढते. हा स्टार्ट बिट. मग अक्षराची आठ बिटं, सगळ्यात हलकं बिट आधी. शेवटी एक बिटभर परत १, हा स्टॉप बिट. झाले दहा. ९६०० च्या वेगाला एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंद टिकतं, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरं.

ऐकणारी चिप काय करते? ती बिटाच्या सोळापट वेगाने वायरकडे बघत बसलेली असते. वायर खाली आली की मनात आठ मोजते आणि परत बघते, अजून ० च आहे ना? म्हणजे मघाशी झालं ते नुसतं खरखरणं नव्हतं, खरोखर स्टार्ट बिट आहे आणि आपण त्याच्या बरोबर मध्यावर उभे आहोत. तिथून दर सोळा ठोक्यांनी एकेक बिट वाचायचं, प्रत्येक त्याच्या मध्यावर. दहावं वाचलं की मोजणी संपली. पुढचं अक्षर आलं की नव्याने, शून्यापासून.

तबला शिकलेल्यांना हे जास्त लवकर कळेल. दोन माणसं दोन खोल्यांत बसून झपताल मोजताहेत असं समजा. दहा मात्रा. सम ऐकू येते, बाकी प्रत्येकाने आपापलं मोजायचं. एकाची लय किंचित चढी असली तरी दहा मात्रांत तो फार लांब जात नाही, आणि पुढच्या समेला दोघं परत एकत्र. (उपमा इथेच सोडतो. कारण यूआर्टमध्ये एक आवर्तन संपल्यावर तबलजी खुशाल चहा पिऊन येऊ शकतो. मैफलीत चालत नाही ते.)

आता किती फरक चालेल ते बघा. मोजणी सुरू झाल्यापासून शेवटचं, म्हणजे स्टॉप बिट वाचायची जागा साडेनऊ बिटांवर आहे. तिथपर्यंत पोचताना अर्ध्या बिटापेक्षा जास्त घसरलो तर शेजारच्या बिटात पाय पडला. अर्धा भागिले साडेनऊ, म्हणजे पाच टक्क्यांच्या किंचित वर. हा दोघींच्या घड्याळांमधला एकूण फरक. त्यात सोळा ठोक्यांच्या मोजणीची थोडी ढिलाई असते, वायरवरच्या कडाही कागदावरच्यासारख्या उभ्या नसतात. म्हणून शहाणी माणसं प्रत्येकीने दोन टक्क्यांच्या आत राहावं असं धरून चालतात. एवढंच. पाठ करण्यासारखं यात काही नाही. आणि सगळ्या सीरियल कम्युनिकेशनचा जीव या एका भागाकारात आहे.

या भागाकाराने आम्हाला एका हिवाळ्यात चांगलंच जागवलं. मिनेसोटात एका उघड्या माळावर आमच्या प्रकल्पाचे सेन्सर लावले होते. पुरवठादाराकडून तयार आणलेले, आतली चिप सीरियलवर आकडे पाठवायची. नोव्हेंबरपर्यंत सुरळीत चाललं. जानेवारीत रात्री कचरा यायला लागला. सकाळी अकरानंतर परत शहाण्यासारखे आकडे. पुरवठादार म्हणाला केबल बदला. बदलली. मग म्हणाला ओल गेली असेल. उणे पंचवीसमध्ये ओल कुठली, बर्फसुद्धा कोरडा असतो! शेवटी एक सेन्सर फ्रीझरमध्ये घालून ऑसिलोस्कोप लावला. टेबलावर एक बिट १०६ मायक्रोसेकंदांचं होतं, म्हणजे मुळातच दोन टक्के मंद. गारठल्यावर ते ११० वर गेलं. पैसे वाचवायला आत क्रिस्टल घातलाच नव्हता. चिपच्या पोटातल्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या घड्याळावर कारभार चालला होता, आणि ते घड्याळ तापमानाबरोबर हलतं. साडेपाच टक्के मंद म्हणजे साडेनऊव्या जागेला ऐकणारी अगदी उंबरठ्यावर उभी: कधी तिला स्टॉप बिटाचा १ दिसतो, कधी त्याच्या आधीच्या आठव्या बिटाचा ०. स्टॉपच्या जागी ० दिसला की त्याला फ्रेमिंग एरर म्हणतात. काही चिप अशा वेळी त्या ० लाच पुढच्या अक्षराचा स्टार्ट बिट समजतात, आणि मग गाडी जी रुळावरून उतरते ती उतरतेच.

आमच्याबरोबर तेव्हा एक पीएचडीचा विद्यार्थी होता. प्रोग्रॅमिंगमध्ये आम्हा सगळ्यांना लाजवेल असा. तो दोन आठवडे कचरा गाळणारं सॉफ्टवेअर लिहीत होता. फार सुंदर सॉफ्टवेअर होतं. पण वायरवर एक बिट किती लांब आहे हे मोजावं, असं त्याच्या डोक्यातच आलं नाही, कारण त्याच्या लेखी सीरियल म्हणजे एका ओळीत लायब्ररीला मारलेली हाक होती. तो विद्यार्थी भारतीय नव्हता, हेही सांगून टाकतो. हा रोग एकट्या आपल्याकडचा नाही. आपल्याकडे तो घोकंपट्टीच्या रूपाने येतो, इथे लायब्ररीच्या रूपाने. २००५ साली इटलीत आर्डुइनो जन्माला आलं, त्याने लाखो लोकांना इलेक्ट्रॉनिक्सची गोडी लावली आणि त्याबद्दल त्याचे उपकारच आहेत. पण आर्डुइनो उनोवर १,१५,२०० चा वेग मागितला की १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलमधून तो नेमका निघत नाही, दोन टक्क्यांहून थोडा जास्त पडतो. तरीही चालतं, कारण त्याच बोर्डवर यूएसबीकडे बोलणारी दुसरी चिपही १६ वरच चालते आणि तितकीच चुकते! नवरा-बायको दोघांचंही घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं की घरात भांडण होत नाही, तसलं.

आता हे विचित्र आकडे आले कुठून? ९६०० म्हणजे ७५ सात वेळा दुप्पट केलं तर. ही तारखात्याची पिढीजात मिळकत आहे. बॉड हे नावच एमिल बोदो या फ्रेंच तार-अभियंत्याचं. स्टार्ट आणि स्टॉप ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोत चार्ल्स आणि हॉवर्ड क्रम या बापलेकांनी टेलिप्रिंटरसाठी व्यवहारात आणली. तिथे स्टॉप हा शब्द अक्षरशः खरा होता. मोटर सतत फिरायची, स्टार्ट आला की क्लच तिला यंत्रणेशी जोडायचा, अक्षर छापून झालं की यंत्रणा थांबायची. थांबायला वेळ लागतो म्हणून टेलिटाइपच्या मॉडेल ३३ ला दोन स्टॉप बिट लागत. एकूण अकरा बिट, वेग ११०, सेकंदाला बरोबर दहा अक्षरं. पुढे १९६० च्या सुमारास गॉर्डन बेल यांनी डेकच्या पीडीपी-१ संगणकाला टेलिप्रिंटर जोडण्यासाठी हेच काम सर्किटवर उतरवलं, १९७१ पर्यंत ते एका चिपमध्ये मावलं, आणि १९८१ साली आयबीएम पीसीत जाऊन बसलं. आपल्याकडची तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली तेव्हा लोक हळहळले, शेवटची तार पाठवायला रांगा लागल्या. पण तारेचा स्टार्ट बिट काही मेला नाही. तुमच्या घरातल्या वायफाय राउटरचं झाकण उघडलंत तर बहुधा आत चार टिंबं सापडतील: पुरवठा, जमीन, बोला, ऐका. बिघडलेला राउटर तिथे अजून टेलिप्रिंटरच्याच भाषेत आपलं दुखणं सांगतो.

(आणि राउटर कशाला, मराठीसुद्धा त्यावरून जाते. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं. "नमस्कार" मध्ये हलन्त आणि काना धरून सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. ९६०० ला पोचायला जेमतेम २२ मिलिसेकंद. मॉडेल ३३ ला दोन सेकंदांवर लागले असते. छापता आलं नसतं ते निराळंच.)

तर पीसीतल्या त्या चिपला १.८४३२ मेगाहर्ट्झचं घड्याळ होतं. सोळाने भागा: १,१५,२००. जुन्या पीसीचा सीरियल पोर्ट तिथेच का थांबायचा ते यावरून कळेल. आणि १.८४३२ ला सहाने गुणा. अकरा पॉइंट शून्य पाच नऊ दोन! ८०५१ तो बाराने भागतो, मग बत्तीसने, मग टायमरच्या तीनने, आणि काट्यावर ९६०० उतरतात. एफडी म्हणजे २५३. टायमर २५३ पासून मोजायला लागला की तीन ठोक्यांत २५६ ला भरून वाहतो. झालं. या आकड्यात गूढ काही नाही, पण कुणी तो असा उलगडून दाखवला तर एरवी झोपलेला मागचा बेंचसुद्धा मान वर करतो, हे मी पाहिलंय. नव्या चिपांमध्ये अपूर्णांकाने भागायची सोय असते, त्यामुळे तिथे असा मोजून-मापून क्रिस्टल लागत नाही. दोन टक्क्यांचं पथ्य मात्र त्यांनाही चुकलेलं नाही.

आता माझं मागणं. मझिदींच्या पुस्तकातला "सीरियलवर ए पाठवा" हा प्रयोग सगळेच करतात. जर्नलमध्ये उतरतो, सही होते. माझं म्हणणं इतकंच की सही झाल्यावर त्याच किटवरचा क्रिस्टल काढा आणि १२ मेगाहर्ट्झचा लावा. प्रोग्रॅमला हात लावू नका. चहाच्या दोन कपांच्या पैशांत बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला क्रिस्टल मिळतो. आता "ए" पाठवा आणि काय छापलं जातं ते बघा. पण बघायच्या आधी कागदावर सांगा काय छापलं जाईल.

सांगता येतं! १२ ला एक बिट बरोबर ९६ मायक्रोसेकंदांचं होतं. समोरचा पीसी मात्र आपल्या १०४ च्या हिशोबाने बघतो: ५२ ला, १५६ ला, २६० ला, ३६५ ला, ४६९ ला, ५७३ ला. इथवर ठीक, अक्षराची पाच बिटं बरोबर वाचली (पाचवं अवघ्या तीन मायक्रोसेकंदांनी वाचलं!). पुढची नजर ६७७ ला, पण सहावं बिट ६७२ लाच संपून गेलंय. म्हणजे सहाव्याच्या जागी सातवं वाचलं, सातव्याच्या जागी आठवं, आणि आठव्याच्या जागी चक्क स्टॉप बिट. कॅपिटल "ए" ची बिटं पाठवायच्या क्रमाने १०००००१०. मिळाली १००००१०१. उलटून वाचा: १०१००००१, हेक्समध्ये ए१. टर्मिनल जुन्या लॅटिन संचावर ठेवलेला असेल तर पडद्यावर उलटं उद्गारचिन्ह येईल, स्पॅनिशमध्ये वाक्याच्या सुरुवातीला असतं तसं. आणि गंमत म्हणजे अक्षर एकटं पाठवलं असेल तर पीसीला स्टॉपच्या जागी रिकाम्या वायरचा १ दिसतो, त्यामुळे त्याच्या मते सगळं आलबेल. फ्रेमिंग एररसुद्धा नाही! अक्षरं एकमेकांना चिकटून पाठवलीत तर मात्र पुढच्या स्टार्ट बिटावर पाय पडून बोंब होते. ज्या मुलीने हे आधी कागदावर काढलं आणि मग पडद्यावर ते चिन्ह उमटताना पाहिलं, तिला मी पुढे मुलाखतीत काहीच विचारणार नाही.

माझा एक मित्र महाराष्ट्रातल्याच एका कॉलेजात प्राध्यापक आहे. त्याला हे फोनवर सांगितलं तर तो पाच मिनिटं हसला. मग म्हणाला, "बॅचला वीस पोरं, दोन तासांचं प्रॅक्टिकल, पाच किट, त्यातली तीन चालू. ऑसिलोस्कोप एक, तो कपाटात, किल्ली एचओडींकडे. क्रिस्टल सोल्डर केलेला, उपसून काढला आणि ट्रॅक उचकटला तर डेड स्टॉकमध्ये माझं नाव. आणि हा प्रश्न परीक्षेला येणार नाही हे पोरांना माझ्याआधी माहीत असतं. तू तिथे बसून बोल."

त्याचं खरं आहे, आणि इथे बसून बोलणं सोपं आहे हेही खरं. पण त्याच्या यादीतल्या निम्म्या गोष्टींवर उतारा आहे. क्रिस्टलच्या जागी बेस सोल्डर केला की तो हाताने निघतो. ऑसिलोस्कोपऐवजी यूएसबीला लावायचा लहान लॉजिक ॲनालायझर हल्ली हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो, मोफत सॉफ्टवेअरवर चालतो, बिटं पडद्यावर मोजून देतो. त्याची किल्ली एचओडींकडे ठेवायची गरज नाही. वेळ? मी वरचा हिशोब एका परिच्छेदात मांडला. उरला परीक्षेचा प्रश्न, आणि तो खरा कठीण आहे, कारण तो हजार रुपयांत सुटत नाही. पेपर काढणाऱ्याने "एससीओएनचा फॉरमॅट काढून दाखवा" याऐवजी "क्रिस्टल १२ चा आहे, टीएच१ मध्ये एफडी आहे, समोर काय पोचेल?" असं एकदा विचारायला हवं. गुण तितकेच ठेवा हवं तर. पहिल्या वर्षी आरडाओरडा होईल, पेपर अभ्यासक्रमाबाहेरचा होता म्हणून निवेदनं जातील. दुसऱ्या वर्षी अप्पा बळवंत चौकात त्याचं गाइड येईल. तिसऱ्या वर्षी पोरं ए१ पाठ करून येतील, हेही मला दिसतंय. मग अक्षर बदलायचं. "बी" विचारायचा.

मित्र शेवटी एका किटवर करून बघायला तयार झालाय. अट एकच, प्रयोग झाला की ११.०५९२ परत जागेवर बसवायचा, कारण संध्याकाळची बॅच दुसऱ्या सरांची असते.